पडून राहा, म्हणजे काय करू?

बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे ‘रिकव्हरी’ हा शब्द कानावर पडला की आजही माझ्या डोळ्यांपुढे थकलेली कर्जे, तोंड चुकवणारे जामीनदार आणि मार्चअखेरची वसुलीची पत्रके उभी राहतात. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या पशुवैद्य बाई जेव्हा म्हणाल्या, ‘‘काकू, ऑपरेशन म्हणजे निम्मंच काम झालं, खरं काम पुढच्या रिकव्हरीचं आहे,’’ तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. म्हटले, वसुलीत आपला हात कोण धरणार? भल्याभल्या थकबाकीदारांना हप्ते भरायला लावलेली मी. हा तर चार वर्षांचा कुत्रा!

तो गर्व सतरा दिवस टिकला. त्या सतराव्या दिवसाविषयी, त्यानंतरच्या दीड महिन्याविषयी आणि त्यानिमित्ताने पुन्हा उघडाव्या लागलेल्या १९९६ सालच्या एका खात्याविषयी आज लिहायचे आहे.

कुत्र्याचे नाव टग्या. पिवळसर रंगाचा लॅब्रॅडोर, वजन छत्तीस किलो. नाव माझ्या नातवाने ठेवले आणि पिलाने पहिल्याच आठवड्यात यजमानांची एक चप्पल, दोन वर्तमानपत्रे आणि माझ्या कादंबरीच्या हस्तलिखिताची अकरा पाने फस्त करून ते सार्थ केले. (कादंबरी पुढे प्रसिद्ध झाली. ती अकरा पाने दुसऱ्यांदा लिहिताना सुधारली, असे यजमानांचे मत आहे.) सकाळी सहाला टेकडी, संध्याकाळी सोसायटीमागचे मैदान आणि मधल्या वेळात हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत अखंड येरझारा, असा त्याचा दिनक्रम. दारावरची बेल वाजली की चारही पाय एकदम जमिनीवरून उचलायचे, हे त्याचे आवडते काम. पुण्यातल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये असे वादळ पाळणे शहाणपणाचे की नाही, हा वाद आमच्या घरात चार वर्षे चालू आहे. वाद घालणारे सगळेच त्याला आपल्या ताटातला घास देतात, म्हणून तो मिटत नाही.

जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पाऊस पडून गेलेल्या टेकडीवर चेंडूमागे धावताना टग्या एकदम वळला, केकाटला आणि मागचा उजवा पाय वर धरून तीन पायांवर उभा राहिला. दोन दिवसांत तो पाय टेकू लागला, म्हणून आम्ही ‘लचक भरली असेल’ म्हणून सोडून दिले. शेजारच्या काकांनी आंबेहळदीचा लेप सुचवला. यजमानांनी आपल्या डब्यातली गुडघेदुखीची गोळी अर्धी करून भाकरीतून द्यायची तयारी केली. सुदैवाने मी आधी फोन करून विचारले. माणसासाठी असलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडू शकतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने देण्याची वस्तू नव्हे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी या लेखातले दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, एवढे ठेवावे.

लंगडणे थांबत नाही हे पाहून जुलैच्या अखेरीस आम्ही त्याला दवाखान्यात नेले, तेव्हा माझ्या ज्ञानात पहिली भर पडली. कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला मी आयुष्यभर गुडघा समजत होते. तो घोटा निघाला. गुडघा त्याच्या वर, पुढच्या बाजूला, पोटाजवळ लपलेला असतो. आपल्या गुडघ्यात असतात तसेच तिथे मांडीचे हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारे दोन बंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. कबड्डीपटूच्या किंवा फुटबॉलपटूच्या गुडघ्यातला जो बंध तुटल्याच्या बातम्या आपण वाचतो, तोच टग्याचा तुटला होता. फरक एवढाच, की खेळाडूचा बंध बहुधा एका झटक्यात तुटतो. कुत्र्याचा बरेचदा जुन्या दोरीसारखा आतून झिजत आलेला असतो आणि एखादी उडी फक्त शेवटचा धागा तोडते. लॅब्रॅडोरमध्ये हे दुखणे नेहमीचे. त्यात वजन जास्त असेल तर अधिकच. डॉक्टरबाईंनी एका हाताने मांडीचे हाड धरले आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली, तर ती कॅशियरच्या टेबलाच्या खणासारखी अलगद पुढे सरकली. त्या तपासणीला त्यांच्या शास्त्रातही खणाचेच नाव आहे, असे कळले.

दहा-बारा किलोच्या लहान कुत्र्यांचे विश्रांती, औषधे आणि वजन उतरवणे यांवर पुष्कळदा भागते. छत्तीस किलोच्या धिप्पाड प्राण्याचे तसे भागणे कठीण. म्हणून नडगीच्या माथ्याला गोलाकार काप द्यायचा, तो तुकडा किंचित फिरवायचा आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून तिथे पक्का करायचा, म्हणजे बंध नसतानाही सांधा घसरत नाही, अशी शस्त्रक्रिया ठरली. बार्कले स्लोकम या अमेरिकी पशुशल्यविशारदाने शोधलेली ही पद्धत १९९३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आली आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही केली जाते. १२ ऑगस्टला ती झाली. दुसऱ्या दिवशी टग्या घरी आला, अर्धवट गुंगीत, एका बाजूचे केस भादरलेला. त्याच्याबरोबर एक कागद आला.

त्या कागदावर ‘नाही’ हा शब्द अकरा वेळा होता. धावणे नाही, उडी नाही, जिना नाही, सोफा नाही, गुळगुळीत फरशीवर मोकळे चालणे नाही, दुसऱ्या कुत्र्याशी खेळणे नाही. दिवसातून चार-पाच वेळा पट्टा लावून पाच मिनिटे खाली न्यायचे, ते फक्त विधी उरकण्यापुरते. बाकी वेळ जाळीच्या कुंपणात. असे आठ आठवडे, मग एक्स-रे, हाड जुळलेले दिसले तरच पुढचे. शिवाय खाणे कमी, कारण बसून राहणाऱ्याला धावणाऱ्याचा आहार दिला तर वजन वाढणार आणि त्याचा भार त्याच गुडघ्यावर येणार. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या डॉक्टरबाईंनी त्यातल्या तूप आणि धावणे या दोन्ही गोष्टींना एकाच कागदावर बंदी घातली.

पहिले दहा दिवस बरे गेले. टग्या दुखण्याने आणि औषधांनी मलूल होता. मी तपमान, औषधाच्या वेळा, टाक्यांची स्थिती असे रकाने आखलेली वही केली. रोज सही करत होते. पण या दुखण्यात एक फसवणूक आहे, ती मला कागद वाचून उमगली नव्हती. वेदना आधी जाते आणि हाड नंतर जुळते. तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याला वाटते, आपण ठणठणीत झालो. आत मात्र कापलेल्या हाडात अजून कच्चे काम चालू असते. मुदत ठेवीची पावती हातात आहे म्हणून मुदत भरली असे होत नाही, हे मी ग्राहकांना हजार वेळा समजावले असेल. टग्याला कसे समजावणार?

तो ओरडू लागला. आधी थोडे, मग तास तास. जाळीला पंजे मारू लागला. गोधडीचा एक कोपरा खाल्ला. मी जवळ गेले की गप्प, उठले की पुन्हा सुरू. कुंपणाकडे पाहून माझ्या मनात ‘पिंजरा’ हाच शब्द येई. सोसायटीतल्या एका बाईंनी ‘‘मुक्या जनावराला असं कोंडायचं?’’ असे लिफ्टमध्ये विचारलेही. आणि गंमत म्हणजे कायदाही त्यांच्या बाजूने बोलतो असे वाटावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे अकरावे कलम मी सवयीने काढून वाचले. सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने रास्त व्यायाम न देणे, ही त्यात क्रूरता म्हणून नोंदलेली आहे. साठ वर्षांहून जुना कायदा, पण किती समंजस! कुत्र्याला फक्त अन्नपाणी दिले की झाले, असे तो मानत नाही. आता डॉक्टर म्हणतात हलू देऊ नका, कायदा म्हणतो हलवा, मी मध्ये.

सतराव्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. टग्याने जाळीच्या दोन तारांमधून नाक बाहेर काढले आणि ओरडला नाही. नुसता बघत राहिला. मला ते सहन झाले नाही. ‘पाच मिनिटं, माझ्याजवळ बसेल,’ असे म्हणत मी दार उघडले. तो बसलाही. दोन मिनिटे. मग बेल वाजली.

फरशीवरून नखे घसरल्याचा आवाज, धप्प असा आवाज आणि त्यानंतर ती जूनमधली किंकाळी. कुरिअरवाला दारात पाकीट ठेवून निघून गेला. टग्या पाय वर धरून थरथरत उभा होता. त्या संध्याकाळी एक्स-रे काढेपर्यंतचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. पट्टी जागेवर होती, स्क्रू जागेवर होते. स्नायूला मार बसला होता, एवढ्यावर निभावले. मी डॉक्टरबाईंपुढे अपराधी चेहऱ्याने बसले होते. रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. टग्याचे कान कुरवाळत त्यांनी विचारले, ‘‘काकू, तुम्ही त्याचं हलणं काढून घेतलंत, ते बरोबरच केलंत. पण त्या जागी त्याला दुसरं काय काम दिलंत?’’

मला उत्तर देता आले नाही. माझ्या वहीत औषधांचा रकाना होता, खाण्याचा होता, विधींचा होता. कामाचा नव्हता.

त्या रात्री कुंपणाजवळ चटई टाकून झोपले, आणि झोप न येता अण्णा आठवत राहिले.

माझे वडील रेल्वेच्या टपाल सेवेत सॉर्टर होते. धावत्या गाडीच्या डब्यात उभे राहून, हेलकावे सांभाळत, भिंतीतल्या शेकडो खणांत पत्रे लावण्यात त्यांची उमर गेली. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाले, तेव्हा त्यांनी ते पाढ्यांसारखे पाठ केले होते. १९९६ च्या पावसाळ्यात ते माझ्याकडे राहत असताना न्हाणीघरात पडले आणि गुडघ्याची वाटी फुटली. वय बहात्तर. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

आम्ही त्यांचे सगळे केले. मऊ गादी, वेळेवर चहा, उशाशी ट्रान्झिस्टर, येणाऱ्याजाणाऱ्याकडून विचारपूस. मी तेव्हा शाखेत अधिकारी होते. सकाळी नऊला बाहेर पडताना रोज बजावायची, ‘‘अण्णा, काही करू नका हं. नुसतं पडून राहा.’’ एकदा ते म्हणाले, ‘‘पडून राहा, म्हणजे काय करू गं?’’ आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘बटाटे दे, सोलून ठेवतो.’’ मी म्हटले, ‘‘छे, तुम्ही आराम करा.’’ एका संध्याकाळी घरी आले, तर त्यांच्या कॉटवर जुन्या पाकिटांच्या गड्ड्या दिसल्या. लग्नपत्रिका, दिवाळीची शुभेच्छापत्रे, नातेवाइकांची पत्रे. कोणाकडून तरी कपाटातली पिशवी मागून घेऊन त्यांनी ती सगळी पिन कोडप्रमाणे लावली होती. ४०० ची मुंबईची वेगळी, ४११ ची पुण्याची वेगळी, ४१६ ची सांगली-कोल्हापूरकडची वेगळी. चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी उजळलेला. मी काय करावे? अंथरुणावर धूळ नको म्हणून गड्ड्या उचलून पिशवी माळ्यावर टाकली. ‘‘कशाला दगदग करता?’’ असे वर म्हणाले. त्यात प्रेमच होते, हे आजही शपथेवर सांगेन.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले. वाटी उत्तम जुळली होती. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू चाला. अण्णा चार पावले चालत आणि ‘बसू दे’ म्हणत. पुढे दोन वर्षे ते होते, पण मनाने त्या कॉटवरून उतरले नाहीत. वय होते, हे खरे. इतर दुखणी होती, हेही खरे. सगळा दोष त्या सहा आठवड्यांच्या नावे टाकावा असा माझा दावा नाही. पण हाड जुळेपर्यंत त्या माणसाने करायचे काय, हा साधा प्रश्न त्यांनी स्वतः आम्हाला विचारला होता आणि आम्ही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत नवा रकाना आखला. ‘काम.’

कुत्र्याचे खरे काम पायांचे नसून नाकाचे आहे, हे डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले होते. धावण्याने तो दमतो हे आपल्याला दिसते. वास शोधण्यानेही तो तेवढाच दमतो, हे दिसत नाही. म्हणून त्याचे जेवणाचे भांडे मी उचलून ठेवले. दिवसाचे ठरलेले खाणे मोजून घ्यायचे आणि हप्त्याहप्त्याने, शोधून काढायला लावून द्यायचे. इडलीपात्राच्या खळग्यांत दाणे टाकून वर वाट्या पालथ्या घातल्या. नाकाने वाटी सरकवून खाताना त्याची वीस मिनिटे जाऊ लागली. जुन्या सुती साडीच्या घड्याघड्यांत ज्वारीच्या भाकरीचे तुकडे लपवले. रबराच्या पोकळ खेळण्यात दही आणि काकडीचे तुकडे भरून ते बर्फाच्या कप्प्यात गोठवले. ते चाटत तो अर्धा तास आडवा पडून राही. चाटणे आणि चावणे यांनी कुत्रा निवतो. हे सगळे जागेवर, चारही पाय जमिनीला ठेवून. (दोन पथ्ये: या खाऊत मनुका, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट कधीही नको, ती कुत्र्याला विषारी ठरतात, आणि हा खाऊ रोजच्या मापातलाच हवा, वरकड नव्हे.)

नातवाने त्यात आपली भर घातली. बाहेर जाता येत नाही, तर बाहेरचे आत आणू, म्हणाला. शाळेतून येताना तो एका पिशवीत काहीबाही आणू लागला. पिंपळाचे पान, नदीकाठचा दगड, नारळाची शेंडी, एकदा कुठल्याशा कोंबडीचे पीस. ती एकेक वस्तू जाळीतून आत सरकवली की टग्या तिच्यावर नाक ठेवून असा गुंग होई, की मला सकाळचे वर्तमानपत्र उघडलेले यजमान आठवत. काही शिक्षणही सुरू केले. तळहातावर हनुवटी टेकवून स्थिर राहायचे. नावाने हाक मारली की डोळ्यांत बघायचे. उठबस करायला लावायची नाही, कारण त्यात गुडघा वाकतो.

बेलचा प्रश्न सर्वांत अवघड होता, आणि त्यात आमचेच पितळ उघडे पडले. बेल वाजली की गेली चार वर्षे घरातले तिघे-चौघे एकदम ‘‘कोण आलं? कोण आलं?’’ करत उठत होतो. उडी मारायला टग्याला आम्हीच शिकवले होते. आता दारावर चिठ्ठी लावली: ‘बेल वाजवू नये, फोन करावा.’ आणि बेलचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून अगदी हळू आवाजात त्याला ऐकवायचा, ऐकवल्याबरोबर गोधडीवर एक तुकडा टाकायचा, असा उद्योग दिवसातून चार-सहा वेळा. आवाज रोज किंचित वाढवायचा. दोन आठवड्यांत बेल म्हणजे दाराकडे झेप, हे समीकरण सुटून बेल म्हणजे गोधडीत तुकडा, हे बसले. फरशीवर सतरंज्या आणि पायपुसणी अंथरली. दूरदर्शन संचाचा आवाज निम्म्यावर आला. आम्हीही हळू बोलू लागलो. घर चोवीस तास गजबजलेले ठेवायचे आणि कुत्र्याने तेवढे शांत राहावे, ही अपेक्षा किती गैरवाजवी होती!

७ सप्टेंबरला गणपती बसले, तेव्हा ऑपरेशनला चार आठवडे होत होते. पुण्यातले ढोल-ताशे, घरी येणारी पाहुण्यांची रीघ, मोदकांचा वास. डॉक्टरबाईंनी त्या दिवसांपुरती मन शांत ठेवणारी सौम्य गोळी लिहून दिली होती. ती घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, असेही म्हणाल्या. कुंपण मागच्या खोलीत हलवले, पंखा मोठा केला, खिडकी बंद ठेवली आणि आरतीच्या वेळी घरातला एक माणूस पाळीपाळीने त्याच्याजवळ बसला. त्या वर्षी माझ्या वाट्याच्या निम्म्या आरत्या मी मागच्या खोलीतूनच म्हटल्या. गणपतीची त्याला हरकत नसावी.

या सगळ्यावर आक्षेप येणारच, आणि तो एका जवळच्या नातेवाइकाने तोंडावर घेतला. ‘‘माणसांना गुडघ्याचं ऑपरेशन परवडत नाही आणि तुम्ही कुत्र्याचं करता?’’ आमची एक जुनी मुदत ठेव या कामी मोडली, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना देण्याजोगे चोख उत्तर माझ्याकडे नाही. असमानतेचा मुद्दा त्यांचा बरोबर आहे. मी एवढेच म्हणू शकले, की जे जीव आपण आपल्या हौसेने दारात आणले, त्यांचे देणे आपल्या नावे लागलेले असते. ते आपल्या ऐपतीप्रमाणे फेडावे. कोणाला शस्त्रक्रिया झेपेल, कोणाला औषधे आणि विश्रांतीच झेपेल. पण मी ज्या रकान्याविषयी बोलते आहे, त्याला पैसे लागत नाहीत. इडलीपात्र प्रत्येकाच्या घरात असते.

आणि माझे म्हणणे केवळ कुत्र्यापुरते नाही. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा मनापासून होते. त्याबद्दल मला शंका नाही. पण सेवेची आपली कल्पना पोट आणि पाठ यांपाशी थांबते. खायला घातले, अंथरूण मऊ केले, हलू दिले नाही, की आपले कर्तव्य संपले. ज्याच्याकडून हालचाल काढून घेतली त्याची शक्ती काही नाहीशी होत नाही. तिला वाट दिली नाही तर ती जाळीवर पंजे मारते, नाहीतर हळूहळू विझते. टग्या पंजे मारत होता, म्हणून आम्हाला ऐकू आले. अण्णा सभ्य गृहस्थ होते. ते विझत गेले, म्हणून ऐकू आले नाही. घरातले शांत रुग्ण आपल्याला सोयीचे असतात. त्यांच्या शांतपणाला आपण आराम म्हणतो. तो आराम आहे की माघार आहे, हे विचारून पाहण्याची तसदी घ्यायला हवी. आजाऱ्याला झेपेल एवढे, पण खरे काम द्यावे. त्याच्या हातचे, त्याच्या सवयीचे, आणि ज्यावाचून घरात काही अडेल असे.

८ ऑक्टोबरला एक्स-रे झाला. कापाची जी काळी रेघ ऑगस्टमध्ये स्पष्ट दिसत होती, ती भरून आली होती. चालणे रोज थोडे थोडे वाढवायचे, धावणे अजून नाही, आणि दुसऱ्या पायाची काळजी घ्यायची, कारण एका गुडघ्याचा बंध तुटलेल्या कुत्र्याचा दुसराही पुढे तुटण्याची शक्यता बरीच असते, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. चार दिवसांनी दसरा होता. संध्याकाळी मी टग्याला पट्टा लावून सोसायटीच्या फाटकापर्यंत नेले. दोन महिन्यांनी तो पहिल्यांदा फाटक ओलांडून गेला. आमचे एवढेच सीमोल्लंघन. मला वाटले होते, ओढील. त्याने ओढले नाही. पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि आपट्याची पाने तो एकेक करून हुंगत राहिला, आणि मी त्याच्या वेगाने उभी राहिले.

टग्या आता पूर्वीसारखा टेकडीवर जातो. वजन चार किलो उतरले आहे आणि चेंडू मात्र कायमचा कपाटात गेला आहे. इडलीपात्र अजून त्याच्याच ताब्यात आहे, मी नवे आणले.

येत्या महिन्यात यजमानांचा डावा गुडघा बदलायचा आहे. हल्ली माणसाला ऑपरेशननंतर लगेच, एक-दोन दिवसांतच, उभे करतात, चालवतात. तरी काही आठवडे घरातच जाणार. भेटायला येणारे आतापासून म्हणू लागले आहेत, ‘‘आता मस्त आराम करा.’’ मी काही बोलत नाही. माळ्यावरून फोटोंच्या तीन पिशव्या तेवढ्या खाली काढून ठेवल्या आहेत. चाळीस वर्षांचे फोटो, सगळे एकात एक. वर्षवार लावायचे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे माणसांची नावे लिहायची आहेत. त्यातली निम्मी नावे आता फक्त त्यांनाच आठवतात. त्या पिशव्या काढताना मागे अण्णांची पाकिटांची पिशवी सापडली. दोऱ्याने बांधलेल्या गड्ड्या तशाच होत्या. धूळ पुसून ती मी यजमानांच्या कॉटजवळच्या टेबलावर ठेवली आहे.